दुकान वाढवलं

आमच्या पुंडलिकनगरात नानासाहेब दांडगे नावाचे एक गृहस्थ राहतात. आडनाव दांडगे आणि अंगानं काडेपेटीतली काडी. त्यांचा सदरा दोरीवर वाळत असला काय आणि ते स्वतः सदऱ्यात उभे असले काय, लांबून फरक कळत नाही. हे मी त्यांना तोंडावर कैकदा सुनावलं आहे. पण रागवायचं सोडून ते खूश होतात. म्हणतात, "बरोबर पकडलंत. आडनाव माणसाकडं नुसतं बोट दाखवतं, त्याचं वर्णन करत नाही."

आता अशा माणसाला चिडवायचं तरी कसं?

आम्ही त्यांना प्रोफेसर म्हणतो. शहरातल्या एका कॉलेजात त्यांनी उभी हयात इंग्रजी शिकवलं. इंग्रजी म्हणजे कविता-नाटकं नव्हेत. त्यांचा विषय शब्दांचा आणि वाक्यांचा अर्थ, म्हणजे सिमँटिक्स. निवृत्त झाल्यावरही सेट-नेटच्या पोरांना घरातल्या कॉम्प्युटरवरून शिकवतात. खिडकी उघडी ठेवायची सवय, आवाज वर्गातला, आणि माझा ओटा बरोबर समोर. त्यामुळं एक पैसा फी न भरता मी त्या विषयात बराच पुढं गेलो आहे.

पहिला धडा ठरलेला असायचा. "शब्दाचा अर्थ वेगळा, वाक्याचा अर्थ वेगळा आणि बोलणाऱ्याच्या मनातला अर्थ आणखी वेगळा. पाहुणा घरात येऊन म्हणतो, 'इट इज हॉट इन हिअर.' शब्द सोपे आहेत. वाक्यही सोपं आहे, खोलीत उकडतंय. पण तो पाहुणा काही हवामान खात्याचा माणूस नाही! त्याला म्हणायचंय, पंखा लावा."

सकाळी फिरून आलो की मेडिकलच्या शेजारच्या टपरीवर आमची बैठक बसते. प्रोफेसर, मी आणि मुक्ताबाई. मुक्ताबाई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. भल्याभल्या डॉक्टरांनी त्यांचा धसका घेतलेला, आमची काय कथा! एकदा प्रोफेसरांनी चहा पिता पिता शिकवायला घेतलं, "'ओल्ड मेन अँड विमेन' म्हटलं की दोन अर्थ निघतात. पुरुषच म्हातारे, की बायकासुद्धा?"

"पुरुषच," मुक्ताबाई म्हणाल्या. "बिस्किट भिजून पडलंय तुमचं कपात. काढा ते."

पण प्रोफेसरांचा सगळ्यात लाडका दाखला होता तो मराठी. एका शब्दाला अनेक अर्थ असतात हे इंग्रजीच्या पोरांना पटवायचं म्हणून ते 'वाढवणे' घ्यायचे. "पगार वाढवला म्हणजे जास्त केला. नारळ वाढवला म्हणजे? फोडला! बांगडी वाढवली, ती पण फुटलीच. आणि दुकान वाढवलं? एक तर मोठं केलं, नाही तर बंद केलं. जुन्या माणसांना फुटलं, बंद केलं असं अभद्र बोलवत नसे, म्हणून नेमका उलटा शब्द." मग एखादं पोरगं विचारायचं, सर, यातला कोणता अर्थ घ्यायचा? प्रोफेसरांचा आवाज चढायचा, "कोण बोलतंय ते बघा! कुणाशी, कधी, कशापायी बोलतंय ते बघा! शब्द एकटा कधी खरं सांगत नाही."

हे मी माझ्या ओट्यावरून इतक्या वेळा ऐकलं आहे की झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन.

हा दाखला त्यांना कुठल्या पुस्तकात सापडला नव्हता. तो त्यांच्या बहिणीच्या तोंडचा होता. सारजाबाई, म्हणजे त्यांची थोरली अक्का. आई लवकर गेली, तेव्हा या अक्कानंच नानाला कडेवर घेऊन लहानाचं मोठं केलं. पुढं तिला दौलताबादला दिली. नवरा तरणाताठा गेला, मूलबाळ नव्हतं. किल्ल्याच्या रस्त्याला निंबाच्या झाडाखाली पोतं अंथरून बाई पेरू, सीताफळं, उन्हाळ्यात काकड्या विकायला बसली ती बसलीच. किल्ला बघून घामाघूम झालेल्या लोकांना अशा काही तऱ्हेनं "खा की रं बाबा" म्हणायची, की माणूस पेरू न घेता पुढं जातच नसे.

रोज संध्याकाळी दुकान आवरलं की ती भावाला फोन करायची. एकच वाक्य बोलायची.

"नाना, वाढवलं बाबा दुकान. घरी चालले."

"बरं, अक्का."

एवढंच. पण पोरं कॉम्प्युटरवर ताटकळली तरी प्रोफेसरांनी तो फोन कधी चुकवला नाही. "बहिणीचा हजेरीपट आला," म्हणून मी ओट्यावरून टोमणा मारायचो.

गेल्या भाऊबीजेला अक्का पुंडलिकनगरला आली होती. रिवाजाप्रमाणं मीही जेवायला होतो. शेजारी भाऊबीज असली आणि मी जेवायला नाही, असं होत नाही. ओवाळून झालं, जेवणं झाली. अक्का घरभर फिरून आली आणि म्हणाली, "मागली खोली लई हवेशीर हाय रं, नाना."

मागची खोली रिकामीच होती. त्यांचा मुलगा इंद्रजीत परदेशी गेला, तेव्हापासून तिथं इस्त्रीचे कपडे आणि जुनी मासिकं राहतात.

"हो ना," प्रोफेसर म्हणाले. "दोन बाजूंनी खिडक्या आहेत. वारा खेळता राहतो."

घ्या! पाहुणा उकडतंय म्हणाला की पंखा लावायचा हे जगाला शिकवणारा माणूस. आज हे लिहिताना मला हसू येतं आणि लगेच मावळतं.

अक्का म्हणाली, "आता बसवत नाय रं दिवसभर. डोळ्यांनी बी नीट दिसत नाय. गिऱ्हाईक हाय का गाढव हाय, जवळ आल्याशिवाय उमगत नाय."

आम्ही हसलो. प्रोफेसरांना मध्येच कुण्या पोराचा काही निरोप आला होता, ते फोनमध्ये बोटं घालून बसले होते. वर न बघताच म्हणाले, "मग दुकान वाढव की, अक्का."

अक्कानं त्यांच्याकडं पाहिलं. "वाढवू म्हणतोस?"

"वाढव. किती दिवस अशी एकटी बसणार तिथं?"

तेव्हा बाईचा चेहरा असा काही खुलला की मला वाटलं, दिवाळीची ओवाळणी दुसऱ्यांदा मिळाली. सुरेखावहिनी, म्हणजे प्रोफेसरांची बायको, त्याच वेळी बडीशेपेचा डबा घेऊन बाहेर आल्या आणि तशाच आत गेल्या. त्यांना काय समजलं आणि काय नाही, ते मी लिहिणार नाही. मला त्या घरचा चहा बंद करून घ्यायचा नाही.

संक्रांत झाली. एका सकाळी आम्ही टपरीवर बसलो होतो, तोच प्रोफेसरांचा फोन वाजला. कानानं कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर असतो. त्यामुळं त्यांच्या घरातलं काहीच आमच्यापासून लपून राहत नाही.

"नाना," अक्काचा आवाज आला, "म्या दुकान वाढवलं रं बाबा."

"अरे वा!" प्रोफेसर खुर्चीतून अर्धे उठले. "बरं केलंस, अक्का. मी म्हणालोच होतो."

"तू म्हणलास म्हणूनच की."

"मग! आता मागं वळून बघू नको."

"नाय बघत." तिकडं रस्त्यावरची एक गाडी गेली. "मग आता पुढं कसं करायचं म्हणतोस?"

"पुढं कसलं काय? तू तिथंच बस निवांत! आता तुला इकडं यायला फुरसत कुठली! आम्हीच येऊ कधी तरी बघायला."

"बरं," अक्का म्हणाली. "सुरेखाला इचारलं म्हणून सांग."

फोन बंद झाला. प्रोफेसरांनी टपरीवर सगळ्यांना चहा सांगितला. या वयात बहिणीनं धंदा मोठा केला म्हणून माणूस नुसता फुलून गेला होता. आम्हीही पेढे मागितले. फक्त मुक्ताबाई कपाकडं बघत म्हणाल्या, "आवाज असा का हो आला त्यांचा?"

"कसा?"

"दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांचा येतो ना, डॉक्टर काही न बोलता पुढं गेल्यावर, तसा."

"मुक्ताबाई, तुम्हाला कुठंही पेशंटच दिसतो," मी म्हणालो. विषय तिथंच संपला.

त्या संध्याकाळी अक्काचा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही. प्रोफेसरांनी एकदोनदा लावून पाहिला, उचलला गेला नाही. "गिऱ्हाइकाच्या गर्दीत असेल," ते म्हणाले. पुढंपुढं तेही लावायचे राहिले. मी ओट्यावरून विचारायचो, "प्रोफेसर, हजेरीपट?" तर म्हणायचे, "मोठी व्यापारी झालीय आता ती."

मग त्यांच्या डोक्यात एक कल्पना आली. पाडव्याच्या मुहूर्तावर अक्काच्या दुकानाला पाटी द्यायची. पेंटरकडं रोज खेटे घालून त्यांनी ती करवून घेतली. पिवळी जमीन, लाल अक्षरं, दोन्ही कोपऱ्यांत हिरवे पेरू. वर मराठीत 'सारजाबाई फळ भांडार' आणि खाली इंग्रजीत 'सारजाबाई फ्रूट सेंटर', किल्ल्यावर येणाऱ्या परदेशी पाहुण्यांसाठी. पेंटरनं इंग्रजीत एक अक्षर गाळलं होतं, ते त्याच्याकडून परत घालून घेतलं. स्पेलिंगच्या बाबतीत माणूस लई कडक.

पाडव्याला सकाळीच आम्ही गाडीतून निघालो. प्रोफेसर, सुरेखावहिनी, मागं मी आणि माझ्या मांडीवर पाटी. सोबत एक नारळही होता. शरणापूरच्या पुढं ऊन तापायला लागलं, पण प्रोफेसर गाणं गुणगुणत होते. मी त्यांना गाताना त्याआधी ऐकलं नव्हतं आणि पुन्हा ऐकायची इच्छा नाही, असंही मी त्यांना म्हणालो.

निंबाच्या झाडाखाली पोतं नव्हतं. टोपल्या नव्हत्या. तिची बसायची फळी तेवढी झाडाला टेकवून उभी होती, तिच्यावर एक कुत्रं सावलीला पडलं होतं.

शेजारी मुंजाबाची सरबताची गाडी. मुंजाबा पूर्वी मेंढरं वळायचा, आता लिंबू पिळतो. प्रोफेसरांनी त्याला विचारलं, "काय हो, सारजाबाईंचं नवं दुकान कुठंशी थाटलंय?"

"नवं?" मुंजाबानं पाटीकडं पाहिलं, नारळाकडं पाहिलं. "अक्कानं तर दुकान वाढवलं की हो, साहेब. संक्रांतीलाच. पार वाढवलं."

"तेच म्हणतोय मी. वाढवलं, पण कुठं?"

"वाढवलं म्हणजे..." मुंजाबाला बिचाऱ्याला कळेना, शिकलेल्या माणसाला हे कसं सांगावं. त्यानं हातातला पेला धुतला, गाडीवर पालथा घातला आणि त्याच्याकडं बोट केलं. "असं."

प्रोफेसर त्या पालथ्या पेल्याकडं बघत राहिले.

मुंजाबाच सांगत होता, "भावानंच सांगितलं म्हणली, एकटी बसू नको, दुकान वाढव. भाऊ नेणार हाय, म्हणून समद्यांना सांगत फिरायची. टोपल्या वाटून टाकल्या. तराजू मला दिला. गाठोडं बांधून बसली हुती बिचारी. मग तुमास्नी फोन लावला तिनं इथूनच. फोन झाल्यावर मी इचारलं, अक्का, कवा येतोय भाऊ? तर म्हणली, भाऊ म्हणतोय तिथंच बस."

सुरेखावहिनींनी पदर तोंडाला लावला. मी पाटीची अक्षरं स्वतःकडं वळवून धरली.

अक्का सिल्लोडला होती, हेही मुंजाबाकडूनच कळलं. तिच्या नणंदेची मुलगी ज्ञानेश्वरी तिला घेऊन गेली होती. आम्ही तसेच माघारी फिरलो, शहर ओलांडलं आणि जळगाव रस्त्याला लागलो. प्रोफेसर वाटेत एकदाच बोलले. फुलंब्रीच्या अलीकडं म्हणाले, "दोन महिन्यांत मी तिला एक प्रश्न विचारला नाही. 'किती मोठं केलंस?' एवढं विचारलं असतं तरी कळलं असतं."

ज्ञानेश्वरीचं घर बाजारापासून आत, बाहेर मका वाळत घातलेला. अक्का दारातच बाजेवर बसली होती. डोळ्याला काळा चष्मा. ऑपरेशन होऊन गेलं होतं आणि आम्हाला पत्ता नव्हता. मांडीवर ज्ञानेश्वरीची तान्ही पोरगी.

"कोण हाय?"

"मी, अक्का. नाना."

"या," अक्का म्हणाली. "या, नानासाहेब. बसा."

मी नीट ऐकलं. या, बसा, नानासाहेब. जिनं त्यांना कडेवर घेऊन मोठं केलं, तिच्या तोंडी. प्रोफेसरांनीही ऐकलं असणार, कारण ते बसलेच नाहीत.

ज्ञानेश्वरीनं पानं घेतली. पाडव्याचं पुरणाचं जेवण होतं. अक्का चाचपडत स्वतः वाढायला उठली, कुणाचं ऐकेना. प्रोफेसर पानावर बसले आणि एकदम बोलायला लागले. मी मोठं कर म्हणालो होतो, अक्का, हाताखाली एखादं पोरगं ठेव, एकटी बसू नको, असं. मला वाटलं तू मोठं केलंस. तुझा शब्द मला कळला नाही, म्हणजे मला कळतो, मी तोच शिकवतो, पण त्या दिवशी... वाक्य काही पुरं होईना. एवढं विस्कटलेलं व्याकरण त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं.

अक्कानं सगळं ऐकलं. मग तिला हसू फुटलं, खरंखुरं. "आगं बया! या वयात मोठं करू व्हय रं येड्या? डोळं गेल्याली बाई मी!"

"येड्या" ऐकल्यावर प्रोफेसरांचा चेहरा असा निवळला म्हणता! "मग चल आता, अक्का," ते म्हणाले. "मागची खोली रिकामी करतो. आजच चल."

अक्कानं त्यांच्या पानात पोळी वाढली. वर तूप घातलं.

"तवा आला असतास तर आले असते," ती म्हणाली. "गाठोडं बांधूनच हुतं. ही पोरगी आली, हिनं काय बी इचारलं नाय. गाठोडं उचललं आन टेम्पोत टाकलं. डोळा करून आणला. आता हिचं लेकरू माझ्याबिगर झोपत नाय. काय सांगून निघू रं हिच्या घरातून?"

"पण फोन तरी करायचास, अक्का. रोज करायचीस."

"काय बोलायला करू? रोज दुकान वाढवलं की सांगत हुते. दुकानच नाय, तर सांगू काय?"

सुरेखावहिनी खाली मान घालून जेवत होत्या.

निघताना प्रोफेसर वाकून पाया पडले. "येतो, अक्का."

अक्कानं त्यांच्या तोंडावरून हात फिरवला. बोटं त्यांच्या चष्म्याला अडली, तर तो सरळ केला. आता "ये, नाना" म्हणेल, म्हणून मीसुद्धा वाट बघत उभा होतो.

"या हं, नानासाहेब," ती म्हणाली.

गाडीत बसल्यावर मी धीर द्यायला म्हणालो, "अहो, मोठ्या माणसाला मान देतात. त्यात काय एवढं!" प्रोफेसरांनी गाडी सुरू केली. नारळ तसाच होता. पाटी तशीच होती आणि शहर येईपर्यंत प्रत्येक गतिरोधकावर माझ्या गुडघ्यावर आपटत होती.

आता मागच्या खोलीत पलंग आहे, त्यावर नवी चादर आहे. पाटी पलंगाखाली पालथी ठेवली आहे. इस्त्रीचे कपडे पुढच्या खोलीत आले, त्यावरून नवरा-बायकोत जे झालं ते मी खिडकीतून ऐकलं, पण असू दे.

परवा कॉम्प्युटरवर तोच धडा चालू होता, एका शब्दाचे अनेक अर्थ. मी ओट्यावर सावरून बसलो. प्रोफेसरांनी इंग्रजी 'बँक' घेतला. एक पैशांची, एक नदीकाठची. तेवढ्यावर आवरलं. "प्रोफेसर, वाढवणे राहिलं!" अशी हाळी माझ्या अगदी ओठांवर आली होती. मी शेंगदाणे तोंडात टाकले.

अंधार पडायच्या वेळी आता ते स्वतःच फोन लावतात. पूर्वी अक्काचा यायचा, त्याच वेळेला. फोन स्पीकरवर असतोच.

"अक्का, जेवलीस?"

"व्हय. जेवले."

"बरी आहेस ना?"

"बरी हाय."

प्रोफेसर पुढच्या वाक्याची वाट बघतात. खिडकीत त्यांची काडी दिसते, फोनवर वाकलेली.

"थांबा हं," तिकडून अक्का म्हणते, "ज्ञानेश्वरीकडं देते."